बंदुकीची दारू ‘चांगली’ नसते, जुळणारी असते

तूर शेंगेला आली, हरभरा घाट्यांवर आला की मुरुम परिसरातील अनेक शेतकऱ्यांच्या रात्री शेतातच जातात. रानडुकरांचा कळप एकदा शिरला की सकाळपर्यंत सऱ्याच्या सऱ्या लोळवतो. हरणांचे कळप कोवळे पीक खुडून नेतात. डबे वाजवणे, फटाके फोडणे, बॅटरीचा झोत टाकणे हे सगळे उपाय करून झाले की बंदुकीची आठवण होते. काही घरांत वाडवडिलांपासून चालत आलेली परवान्याची ठासणीची बंदूक असते, काहींकडे बारा बोअर, क्वचित कोणाकडे पॉइंट ३१५ ची रायफल. काडतुसे महाग, ती मिळायची दुकाने लांब आणि परवान्यावर मिळणारी संख्या मोजकी.

अशा वेळी हातातल्या मोबाइलवर अमेरिकेतला एखादा माणूस दिसतो. घरातल्या टेबलावर छोटे यंत्र बसवून तो रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरतो आणि काडतूस निम्म्या खर्चात पडते म्हणतो. ते पाहून दोन प्रश्न हमखास निघतात. आपल्यालाही हे करता येईल का? आणि पुंगळीत दारू कोणती घालायची?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कायद्यात आहे, ते पुढे पाहू. दुसऱ्या प्रश्नातच मोठी गफलत आहे. चांगले बियाणे किंवा चांगले खत असते तशी ‘चांगली दारू’ नावाची वस्तू नसते. एका बंदुकीला उत्तम ठरणारी दारू दुसऱ्या बंदुकीत बॉम्बचे काम करते. हे ज्याला नीट कळले नाही त्याने पुंगळीला हात लावू नये, आणि ज्याला कळले तो सहसा स्वतःहूनच लावत नाही.

काडतूस पुन्हा भरणे म्हणजे काय?

काडतुसाचे चार भाग असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली टोपी म्हणजे प्राइमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. घोडा दाबला की टोपीवर ठोका बसतो, ठिणगी दारूला लागते, दारूचा वायू होतो आणि त्या वायूच्या दाबाने गोळी नळीतून बाहेर पडते. गोळी गेली, दारू जळली, टोपी निकामी झाली. उरते ती पुंगळी. पितळ हा यातला टिकाऊ आणि महागडा भाग. तो पुन्हा मापात आणून, नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी बसवणे म्हणजे काडतूस पुन्हा भरणे.

सांगायला हे पोळी लाटण्याइतके सोपे वाटते. पण यातली दारू ग्रेन या मापात तोलतात. सोनाराची एक गुंज म्हणजे साधारण दोन ग्रेन. एका मध्यम रायफलच्या काडतुसात सगळी मिळून दारू अडीच-तीन ग्रॅमच्या आसपास असते आणि भरणारा माणूस गुंजेच्याही विसाव्या हिश्शापर्यंतचा फरक तोलून पाहतो. एवढ्या चिमूटभर दारूतून उठणारा दाब किती? .३०८ विंचेस्टर या जगभर वापरल्या जाणाऱ्या रायफल काडतुसासाठी ठरलेली कमाल मर्यादा दर चौरस इंचाला ६२,००० पौंड आहे. मोटारीच्या चाकात आपण तीस-बत्तीस पौंड हवा भरतो, त्याच्या जवळपास १,९०० पट. बारा बोअरच्या नेहमीच्या काडतुसासाठी हीच मर्यादा ११,५०० पौंड आहे. म्हणजे रायफल बारा बोअरच्या पाचपटीहून जास्त दाब सोसते, आणि हे सगळे नेम धरणाऱ्याच्या गालापासून वीतभर अंतरावर घडते.

काळी दारू आणि बिनधुराची दारू

मराठीत ‘दारू’ हा शब्द फारसीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ औषध. पुढे तो पिण्याच्या दारूलाही लागला आणि बंदुकीच्याही. बंदुकीच्या दारूतही दोन अगदी वेगळी कुळे आहेत, पण नाव एकच राहिले. अपघात या एका नावाच्या पोटी जन्मतात.

पहिले कूळ काळ्या दारूचे. सोरा, कोळसा आणि गंधक यांचे ते मिश्रण. नळदुर्गच्या उपळी बुरुजावरच्या तोफांपासून ठासणीच्या बंदुकीपर्यंत कित्येक शतके याच दारूने काम केले. त्या काळीही निवड होती. तोफेला जाड दाण्याची दारू, बंदुकीला बारीक दाण्याची आणि कानात घालायची ती सगळ्यात बारीक, तिला रंजक म्हणत. दाणा जाड तर दारू सावकाश पेटते, बारीक तर झटकन, हे आपल्या गोलंदाजांना पक्के ठाऊक होते. रंजकेची दारू कोणी तोफेत ठासत नसे.

काळी दारू जळली की निम्म्याहून अधिक भाग घन राख आणि काजळी म्हणून उरतो. म्हणूनच तिचा पांढरा धूर होतो, नळी चिकट होते आणि धुतली नाही तर गंजते. पण तिचा दाब मर्यादित असतो. जुन्या नळ्या तेवढ्याच दाबाच्या हिशेबाने घडवलेल्या आहेत.

दुसरे कूळ बिनधुराच्या दारूचे. फ्रान्सच्या पॉल विएल याने १८८४ मध्ये नायट्रोसेल्युलोजपासून ती तयार केली आणि दोन वर्षांत फ्रेंच सैन्याने तिच्यासाठी नवी लेबेल रायफल आणली. पाठोपाठ आल्फ्रेड नोबेलने १८८७ मध्ये बॅलिस्टाइट आणि ब्रिटनमध्ये एबल आणि ड्युअर या रसायनशास्त्रज्ञांनी १८८९ मध्ये कॉर्डाइट तयार केले. ही दारू जवळजवळ पूर्ण वायूत बदलते. त्याच वजनाच्या काळ्या दारूपेक्षा तिच्यातून कितीतरी जास्त शक्ती मिळते. आजच्या सर्व रायफली, पिस्तुले आणि बारा बोअरची काडतुसे हिच्यावरच चालतात.

आणि इथे एक सापळा आहे. बिनधुराच्या बहुतेक दारूंच्या दाण्यांना ग्रॅफाइटचा लेप असतो, त्यामुळे ती राखाडी-काळी दिसते. रंगाने काळी म्हणून ती ‘काळी दारू’ होत नाही. डब्यावरचे नाव वाचल्याशिवाय, नुसते चिमटीत धरून, कुठली दारू आहे हे भल्याभल्यांनाही सांगता येत नाही.

दारू ‘जलद’ किंवा ‘संथ’ कशी ठरते?

बिनधुराच्या दारूतही शेकडो प्रकार आहेत. त्यांच्यातला मुख्य फरक जळण्याच्या वेगाचा. चुलीत वाळलेले गवत टाकले तर भपकन पेटून विझते, ओंडका टाकला तर तासभर धुमसतो. दारूचेही तसेच, फक्त सगळा खेळ सेकंदाच्या हजाराव्या भागात उरकतो.

वेग तीन गोष्टींनी ठरवतात. पहिली रसायन: नुसते नायट्रोसेल्युलोज, की त्यात नायट्रोग्लिसरीनही. दुसरी दाण्याचा आकार: चपटी पापडी, गोल मणी की शेवयांसारखी कापलेली नळी. नळीच्या दाण्याला आरपार छिद्र असेल तर तो बाहेरून जळत आक्रसतो, पण आतून छिद्र मोठे होत जाते, त्यामुळे वायू एकसारखा मिळत राहतो. तिसरी गोष्ट दाण्यावरचा लेप, जो सुरुवातीचा भडका आवरतो.

पिस्तुलाची नळी आखूड आणि गोळी हलकी, म्हणून तिथे जलद दारू. बारा बोअरच्या छर्ऱ्यांनाही तुलनेने जलद दारू लागते, कारण नळी रुंद असते आणि दाब कमी ठेवायचा असतो. रायफलमध्ये पुंगळी मोठी, नळी अरुंद आणि गोळी जड. तिला एकदम धक्का देऊन चालत नाही, ढकलत न्यावे लागते. म्हणून रायफलला संथ दारू. पुंगळीत दारू जास्त मावत असेल आणि गोळी जड असेल तर आणखी संथ.

आता बारा बोअरची काडतुसे फोडून काढलेली दारू कोणी रायफलच्या पुंगळीत भरली तर काय होईल? गोळी जागची हलायच्या आत सगळी दारू वायू झालेली असेल. त्या वायूला जायला वाट नसते, मग तो पुंगळी फाडतो, बोल्ट उखडतो आणि बंदूक धरणाऱ्याच्या डोळ्यांकडे येतो. उलट रायफलची संथ दारू बारा बोअरमध्ये धड पेटतच नाही. दोन्ही दारू आपापल्या जागी उत्तमच होत्या.

मग रायफलसाठी दारू निवडतात कशी?

जिथे कायद्याने मुभा आहे तिथले जाणकार निवड कशी करतात ते पाहिले की या कामाचे गांभीर्य कळते. अमेरिकेत राहणारा एखादा मराठी नेमबाज दुकानातून दारूचा डबा रीतसर विकत घेऊ शकतो. पण तो आधी डबा घेत नाही, आधी पुस्तक उघडतो.

दारू बनवणाऱ्या आणि गोळ्या बनवणाऱ्या कंपन्या दर काही वर्षांनी कोष्टके छापतात. कुठले काडतूस, किती वजनाची गोळी, कुठली टोपी, कुठली दारू, सुरुवात कितीपासून करायची आणि कुठे थांबायचे हे त्यात असते. हे आकडे कोणाच्या अनुभवाचे नसतात. दाब मोजणारे यंत्र बसवलेल्या खास नळीतून गोळ्या झाडून ते काढलेले असतात. घरी बसलेल्या माणसाकडे दाब मोजायचे साधन नसते, म्हणून छापील आकडा हाच त्याचा एकमेव आधार. तो कमाल आकड्याच्या साधारण दहा टक्के खालून सुरुवात करतो आणि पुंगळीवर, टोपीवर दाबाच्या खुणा दिसतात का हे पाहत इंचाइंचाने वर जातो.

पुस्तकात त्याच काडतुसाला दहा-पंधरा दारू दिलेल्या असतात. त्यातून एक निवडताना तो चार गोष्टी पाहतो. पहिली, पुंगळी किती भरते. पुंगळी जवळजवळ भरणारी दारू बरी, कारण चुकून दोनदा ओतली गेली तर ती उतू जाते आणि चूक डोळ्यांना दिसते. अर्ध्या पुंगळीत मावणाऱ्या जलद दारूचा दुसरा माप आत गेलेला कळतही नाही. दुसरी, माप एकसारखे पडते का. मण्यासारखी दारू पाण्यासारखी वाहते, लांब नळीच्या दाण्यांची दारू मापात अडकते आणि तिला तराजू लागतो. तिसरी, नळीची लांबी. फार संथ दारू आखूड नळीत पूर्ण जळत नाही, तोंडाशी नुसता जाळ होतो.

चौथी गोष्ट हवामान, आणि मराठवाड्याच्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची. दारू तापली की जलद जळते आणि दाब वाढतो. युरोपच्या गारठ्यात जमवलेले प्रमाण मे महिन्याच्या उन्हात, पत्र्याच्या घरात किंवा जीपच्या पुढच्या काचेखाली तापलेल्या काडतुसात तसेच वागत नाही. काही नव्या दारू उष्णतेला दाद देऊ नयेत म्हणून मुद्दाम घडवलेल्या असतात, सगळ्या नव्हे. शिवाय उष्णतेत दारूचे आयुष्यही घटते. तिच्यात घातलेले स्थिरक द्रव्य संपत जाते, दारू सडू लागते, आंबट उग्र वास येतो आणि तांबूस वाफ दिसते. अशी दारू आपोआप पेटल्याची उदाहरणे आहेत.

नावांवर विसंबण्याचा धोकाही मोठा. आयएमआर ४३५० आणि एच ४३५० या दोन अमेरिकी दारू. आकडा एक, घराणे एक, वेगही जवळपास, तरीही एकीचे माप दुसरीला चालत नाही. दोन दारू एकत्र मिसळणे तर कुठल्याच पुस्तकात बसत नाही. ‘थोडी कमी भरली म्हणजे सुरक्षित’ हाही गैरसमजच. फार कमी दारूने गोळी नळीतच अडकून बसते आणि पुढची गोळी तिच्यावर जाऊन आदळते.

दारू बदलली की काय होते? इतिहासातले दोन धडे

आपल्या पोलिसांनी कित्येक दशके खांद्यावर वागवलेली ‘थ्री नॉट थ्री’ हे पहिले उदाहरण. हे काडतूस १८८८ मध्ये ब्रिटिश सैन्यात आले तेव्हा त्यात दाबून बसवलेली काळी दारू होती. थोड्याच वर्षांत तिच्या जागी कॉर्डाइट आले. गोळीचा वेग वाढला, धूर गेला. पण कॉर्डाइटची आच इतकी तीव्र की ली-मेटफर्ड रायफलच्या नळीतले उथळ, गोलसर आटे भराभर झिजू लागले. अखेर १८९५ मध्ये खोल, चौकोनी आट्यांची नवी नळी आणावी लागली. तीच ली-एनफिल्ड. दारू बदलली म्हणून साम्राज्याला बंदूक बदलावी लागली.

दुसरे उदाहरण व्हिएतनामचे. अमेरिकेची एम-१६ रायफल एका प्रकारच्या दारूवर जमवून तपासलेली होती. सैन्याने काडतुसांतली ती नळीच्या दाण्यांची दारू बदलून मण्यांची दारू आणली. गोळीचा वेग मिळत होता, म्हणजे कागदावर सगळे ठीक होते. पण रायफल ठरल्यापेक्षा जलद चालू लागली, आत काजळी साचू लागली आणि ऐन चकमकीत बंदुका अडकू लागल्या. अडकलेली रायफल हातात घेऊन सैनिक मेले. १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीने चौकशी केली आणि दारूच्या या बदलावर कडक ताशेरे ओढले. जगातल्या सर्वांत सधन सैन्याकडून, प्रयोगशाळा हाताशी असताना, हे घडले. मुरुमच्या वाड्यातल्या टेबलावर हे गणित अंदाजाने सुटेल असे मानणे धाडसाचे आहे.

ठासणीच्या बंदुकीत खरा धोका कुठे?

आपल्या भागात रायफल भरणारे जवळपास नाहीतच. खरा धोका ठासणीच्या बंदुकीत आहे, कारण तिथे प्रत्येक बाराला दारू स्वतःच्या हाताने घालावी लागते. म्हणजे दारूची निवड तिथे दररोज होते.

या बंदुका काळ्या दारूसाठी आहेत, आणि फक्त काळ्या दारूसाठीच. दारू मापाने घालायची पद्धत पिढ्यान्‌पिढ्यांची. त्याच मापाने बिनधुराची दारू घातली तर नळी फुटते. काळी दारू मिळेनाशी झाली की माणूस पर्याय शोधतो. कोणी बारा बोअरचे काडतूस फोडून त्यातली दारू काढतो. कोणी दिवाळीतले सुतळी बॉम्ब सोलतो. कोणी विहिरीच्या सुरुंगाच्या सामानाकडे पाहतो. या तिन्ही गोष्टी जीवघेण्या आहेत. बारा बोअरची दारू बिनधुराची. फटाक्यातली आवाजाची दारू जळत नाही, एकदम उडते. तिचे कामच कवच फोडण्याचे. आणि सुरुंगाची स्फोटके कातळ फोडण्यासाठी बनवलेली, लोखंडाची जुनी नळी त्यांच्यापुढे टिकत नाही.

नळी किती जुनी आहे, आतून किती गंजली आहे, तिला कधी डाग दिला आहे का, हे बहुतेक घरांत कोणालाच माहीत नसते. आजोबांनी मुठीने दारू घातली आणि काही झाले नाही, हा पुरावा नव्हे. आजोबांची दारू वेगळी होती आणि नळी तेव्हा पन्नास वर्षांनी तरुण होती.

कायदा काय सांगतो?

शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. आपल्याकडचा नेहमीचा परवाना बाळगण्याचा आणि वापरण्याचा असतो, बनवण्याचा नसतो. याच कायद्यातल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे भाग आणि काडतूस बनवण्याची यंत्रेही येतात. म्हणजे पुंगळ्या भरायचे यंत्र परदेशातून मागवणे हीसुद्धा निरुपद्रवी हौस नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याशिवाय शस्त्र किंवा दारूगोळा बनवण्याची शिक्षा किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप आहे.

दारूला स्फोटक कायदा १८८४ आणि स्फोटक नियम २००८ वेगळे लागतात. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे, म्हणजे पेसोचे, मुख्यालय नागपुरात आहे. या नियमांत गनपावडर हा पहिला वर्ग आणि नायट्रो संयुगे हा तिसरा वर्ग. बोली भाषेने दोन्हींना एकच नाव दिले, कायद्याने मात्र त्यांना वेगळे ठेवले आहे.

पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना कलम १३ मध्ये स्पष्टपणे मान्य आहे. पण बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. त्यासाठी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली वन विभागाची लेखी परवानगी लागते, आणि काळवीट तर पहिल्या अनुसूचीत आहे.

नेमबाज काय करतात?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले. त्याआधी २०१० मध्ये म्युनिकला कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेतेपद मिळवले होते. या दोघांच्या प्रकारात पॉइंट २२ चे काडतूस लागते. त्याची टोपी वेगळी नसते, स्फोटक द्रव्य पुंगळीच्या काठातच असते, म्हणून ते व्यवहारात पुन्हा भरता येत नाही.

तरीही दारूचा प्रश्न त्यांना सुटत नाही. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या डब्यांतही दर लॉटला थोडा फरक असतो. म्हणून अव्वल नेमबाज रायफल शिकंज्यात बसवून वेगवेगळ्या लॉटची काडतुसे झाडून पाहतात आणि आपल्या नळीला जुळणारा लॉट निवडतात. एली आणि लापुआ यांसारख्या कंपन्यांनी त्यासाठी खास चाचणी केंद्रे ठेवली आहेत. ऑलिंपिकपटू दारूत हात घालत नाही. कारखान्यात बनलेल्यातून मोजून निवडतो. शिकण्यासारखे आहे ते हे.

आक्षेप आणि उत्तर

यावर एक आक्षेप रास्त आहे. मोठ्या बोअरच्या रायफलचा नेमबाज काय करणार? अनेक देशांत काडतूस भरणे हा या खेळाचाच भाग आहे, कारण तयार काडतुसे महाग असतात आणि प्रत्येक रायफलला नेमकी जुळतही नाहीत. आपला नेमबाज आयातीवर आणि परवानग्यांवर अवलंबून राहतो. लहान गावातल्या, बेताच्या परिस्थितीतल्या मुलाला हे परवडत नाही आणि खेळ शहरातल्या पैसेवाल्यांचा होतो. हे खरेच आहे.

पण त्यावरचा उपाय घराघरांत दारूचे डबे हा नव्हे. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या जवाहरनगर आयुध निर्माणीत स्फोट झाला आणि किमान आठ जणांचे प्राण गेले. प्रशिक्षित कामगार, नियम आणि सरकारी यंत्रणा असलेल्या ठिकाणी ही स्थिती, तर धान्याच्या कोठीशेजारी ठेवलेल्या डब्याचा भरवसा कोणी द्यायचा? लहान मुले, चुलीची ठिणगी आणि शॉर्टसर्किट प्रत्येक घरात असतात.

मग काय करायला हवे?

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून काडतुसे बनवतो आणि तिथल्या पुंगळीच्या बुडावरची ‘केएफ’ ही अक्षरे देशभरचे परवानाधारक ओळखतात. जळगाव जिल्ह्यात वरणगावला काडतुसांचा कारखाना आहे, भंडाऱ्यात स्फोटकांचा. पुण्यात संरक्षण संशोधन संस्थेची प्रयोगशाळा दारूवरच संशोधन करते. दाब मोजायची साधने आणि जाणकार माणसे राज्यातच आहेत. त्यांचा उपयोग परवानाधारक शेतकऱ्याला आणि नेमबाजाला होत नाही, हे दुखणे आहे.

म्हणून तीन गोष्टी व्हाव्यात. पहिली, मान्यताप्राप्त नेमबाजी संघटनांच्या केंद्रात, परवान्यासह आणि देखरेखीखाली, काडतुसे जमवून तपासण्याची सोय हवी. दारू तिथेच राहील, नोंद तिथेच होईल, नेमबाज फक्त आपल्या रायफलसाठी तयार झालेली काडतुसे मोजून घेऊन जाईल.

दुसरी, ठासणीच्या बंदुकीच्या परवानाधारकाला योग्य काळी दारू रीतसर, रास्त दरात आणि जवळपास मिळाली पाहिजे. परवाना द्यायचा आणि दारू मिळू द्यायची नाही, याचा अर्थ त्याला फटाके सोलायला लावणे. ती देता येत नसेल तर प्रशासनाने तसे स्पष्ट सांगून दुसऱ्या बंदुकीचा मार्ग मोकळा करावा. ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी खात्री पटल्यास दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मंजूर करण्याची मुभा कायद्यातच आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त. २०१६ च्या शस्त्र नियमांत परवाना मागणाऱ्याने सुरक्षेचे प्रशिक्षण घेण्याची तरतूद आहे. त्यात दारूचा एक धडा मराठीतून घालावा. जुन्या परवान्यांच्या नूतनीकरणावेळी धाराशिवच्या जिल्हाधिकारी कार्यालयाने एक पानी सूचनापत्र द्यावे आणि नळीची तपासणी करून घ्यावी. त्या पानावर चार ओळी पुरेत: ठासणीच्या बंदुकीत काळ्या दारूशिवाय काहीही नाही. काडतूस फोडून दारू काढायची नाही. डब्यावर नाव नसलेली दारू वापरायची नाही. जुनी, वास येणारी दारू घरात ठेवायची नाही, पोलिसांना कळवायची.

पिकाचे नुकसान खरे आहे आणि वन विभागाची भरपाई वेळेवर व पुरेशी मिळावी ही मागणीही खरी. पण गेलेली तूर पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येते. ज्यांच्या घरी ठासणीची बंदूक आहे त्यांनी या हंगामापूर्वी निदान एवढे करावे: घरातली दारू कुठून आली आणि ती कुठली आहे याची चौकशी करावी. उत्तर मिळाले नाही, तर ती बंदूक भरू नये.